किल्ली हरवते तेव्हा



घराबाहेर पडताना आपण सर्वजण एक लहानसा विधी न चुकता करतो. कडी घालतो, कोयंड्यात कुलूप अडकवतो, किल्ली फिरवतो आणि मग कुलूप एकदा खाली ओढून पाहतो. चार पावले गेल्यावर पुष्कळांना शंका येते, लागले की नाही? ते परत येतात आणि पुन्हा ओढून पाहतात. लिंगपूजेत एखाद्या दिवशी आपले मन भटकते, पण या विधीत ते कधी भटकत नाही.

किल्ली सांभाळण्याच्या रीतीही घराघरांत ठरलेल्या असतात. आजोबांच्या पिढीत ती करदोट्याला बांधलेली असे. आजीच्या कमरेला जुडगा खोचलेला असे आणि तो वाजला की सासूबाई कोणत्या खोलीत आहेत हे सुनेला कळे. कुणी पदराच्या गाठीत ठेवते, कुणी चौकटीवरच्या फळीवर, कुणी पायपुसण्याखाली, तर कुणी शेजारच्या घरी. आता शहरांतून आकडे दाबून उघडणारी कुलुपे आली आहेत. तिथे किल्ली डोक्यात ठेवावी लागते, एवढाच फरक.

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या आपल्या पुष्कळ घरांत कन्नड आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात. कन्नडमध्ये कुलपाला 'बीग' म्हणतात आणि व्याह्यांना 'बीगरु'. शब्द जुळतात खरे. पण बीग दार बंद करते आणि बीगरु आले की दार उघडावे लागते!

विनोद राहू द्या. मला आज आपल्याशी किल्ली हरवते त्या घटकेविषयी बोलायचे आहे. किल्ली जागेवर असते तोवर आपण सारे सज्जन असतो. ती हरवली म्हणजे आपल्या सज्जनपणाचे कुलूप किती पक्के आहे हे दिसून येते.

आपणच आठवून पाहा. किल्ली सापडत नाही. प्रथम आपण खिसे चाचपतो, मग उशी उचलतो, मग मुलांवर ओरडतो. अर्धा तास गेला की शोध वस्तूंवरून माणसांकडे वळतो. 'सकाळी घरात कोण कोण आले होते?' असा प्रश्न निघतो. दूधवाला आला होता, जावई आले होते, भांडी घासणारी बाई आली होती. मन यांतल्या कोणापाशी जाऊन थांबते? जावयापाशी ते कधी थांबत नाही. आपला संशय मोठा हिशेबी असतो. ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याचेच घर तो बरोबर शोधून काढतो.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे उपदेशाचा अधिकार मला किती आहे हे आपल्याला कळेल.

काही वर्षांपूर्वी घरात लग्नकार्य होते. दागिने आणि थोडी रोकड लोखंडी कपाटात ठेवून किल्ली मी करदोट्याला बांधली होती. एके सकाळी पाहतो तो किल्ली नाही. घर धुंडाळले, अंथरुणे झटकली. आमच्याकडे सात वर्षे भांडी घासायला येणारी एक बाई होती. मी तिला चोर म्हटले नाही. मी सुशिक्षित माणूस आहे. मी फक्त विचारले, "काल तू आतल्या खोलीत झाडायला गेली होतीस ना?" विचारले तेही पाहुण्यांच्या देखत. तिने हातातले भांडे खाली ठेवले, माझ्याकडे एकदा पाहिले, हात धुतले आणि ती निघून गेली. ती गेली याचाच मी पुरावा केला. 'मनात काही नसते तर गेली असती का?' असे मी चारचौघांत म्हणालोही.

त्यानंतर दोन दिवस मी नेहमीप्रमाणे लिंगपूजा केली. करडिगेतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतले, विभूती लावली, बेल वाहिला. तिसऱ्या दिवशी पूजेच्या ताटाखालचे वस्त्र धुवायला काढले तेव्हा किल्ली त्याखाली सापडली. स्नानाआधी करदोट्याची सोडून मीच ती तिथे ठेवली होती. दोन दिवस मी किल्लीवर बसवलेल्या ताटापुढे पूजा करीत होतो, हातात लिंग होते आणि मनात त्या बाईचे नाव होते.

शरणहो, कपाटातला एक दागिनाही गेला नव्हता. तरी घरात चोरी झाली होती आणि ती मी केली होती. त्या बाईपाशी कुलपात ठेवण्यासारखे एकच धन होते, ते म्हणजे तिचे नाव. ते मी उघड्यावर टाकले होते.

महात्मा बसवेश्वरांचे सात निषेधांचे वचन आपल्यापैकी लहान मुलांनाही पाठ असते. चोरी करू नये या आज्ञेने त्याचा आरंभ होतो. पुढे हत्या, असत्य, क्रोध, दुसऱ्याविषयी घृणा, आत्मस्तुती आणि परनिंदा यांचा निषेध येतो आणि हीच अंतरंगशुद्धी, हीच बहिरंगशुद्धी, असा त्याचा आशय आहे. हे वचन मी शेकडो वेळा म्हटले असेल. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्यातली पहिली आज्ञा मी आजवर दुसऱ्यासाठी वाचत आलो होतो. 'चोरी करू नकोस' हे मी मनातल्या मनात दाराबाहेरच्या माणसाला सांगत होतो. दाराच्या आत, माझ्यासाठी, बाकीच्या आज्ञा उभ्या होत्या. किल्ली हरवताच मी रागावलो, एका श्रमणाऱ्या बाईविषयी मनात घृणा आणली, चारचौघांत तिची निंदा केली आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवून घेतले. सातांपैकी चार आज्ञा मी एका सकाळी मोडल्या. जिच्यावर पहिली मोडल्याचा आळ घेतला, तिने एकही मोडली नव्हती.

ज्या बसवण्णांनी हे सांगितले ते स्वतः कोण होते? बाराव्या शतकात कल्याणमध्ये कलचुरी राजा बिज्जळाचे ते भांडारी होते. राज्याचा खजिना त्यांच्या हाती होता. म्हणजे आपले धर्मगुरू किल्ल्या सांभाळणारे होते, आणि त्यांच्यावरही आळ आला. राजाचे धन हा जंगमांच्या दासोहावर उधळतो, अशी चुगली दरबारात झाली. बसवण्णांनी हिशेब पुढे ठेवला आणि खजिन्यात काही कमी भरले नाही, असे चरित्रकथा सांगतात. ही कथा ऐकताना आपण नेहमी बसवण्णांच्या बाजूने बसतो आणि चुगलखोरांचा आपल्याला राग येतो. पण आपल्या स्वयंपाकघरात तीच कथा घडते, तेव्हा आपण कोणत्या बाजूला असतो? आळ घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभा होतो आणि बसवण्णांच्या जागी ती बाई उभी होती.

आता आपण विचाराल, 'मग कुलूप लावूच नये की काय?' तसे मी म्हणत नाही. बसवण्णांच्या घरच्या गायी चोरांनी नेल्या तेव्हा आरडाओरडा करू नका, तिकडे दूध पिणारा आणि इकडे पिणारा एकच आहे, असे ते म्हणाले. मागे राहिलेली वासरेही त्यांनी पाठवून दिली, असे सांगतात. एवढे मोठे मन आपल्याला एका दिवसात येणार नाही. शिवाय परक्याची ठेव जपायची असेल तर कुलूप लावणे हे कर्तव्यच आहे. राजाच्या खजिन्याला भांडाऱ्याने कुलूप लावायलाच हवे. आपला प्रश्न एवढाच, की दाराचे कुलूप मनाला कधी लागते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर आपण ऐकून आहात. तिथे घरांना दारे-कुलपे नसण्याची जुनी रीत आहे आणि २०११ साली युको बँकेने तिथे नेहमीच्या कुलपाविना शाखा उघडली. ऐकून नवल वाटते. पण तिथे राखण कोण करते? चोराला देवाचा कोप होईल ही श्रद्धा. श्रद्धेचा अनादर न करता मी एवढेच म्हणेन, की शरणांनी भीतीला राखणदार नेमले नाही. भीतीने हात थांबतो, मन थांबत नाही. शरणांनी राखणीचे काम कायकाकडे दिले.

कसे ते पाहायचे असेल तर बाजारात जा. रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचे जुडगे टांगून एक कारागीर बसलेला असतो. त्याच्यापुढे ठेवलेल्या कुलपात तो कोरी किल्ली घालून फिरवतो, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहतो, तेवढीच जागा कानशीने घासतो आणि पुन्हा घालतो. असे दहावीस वेळा केले की कुलूप उघडते. विचार करा, गावातले बहुतेक प्रत्येक साधे कुलूप हा मनुष्य उघडू शकतो. तरी गाव निर्धास्त झोपते. ते कुलपाच्या भरवशावर झोपते असे आपल्याला वाटते. खरे तर ते त्या कारागिराच्या कायकाच्या भरवशावर झोपते. त्याने आपले काम प्रामाणिकपणे केले म्हणून आपली कुलपे कुलपे राहिली आहेत. ज्याला आपण राखणदार समजतो ते पितळ आहे, खरा राखणदार कष्टकऱ्याचे इमान आहे. आणि नेमक्या त्याच इमानावर आपण पहिला संशय घेतो.

म्हणून आपल्याला तीन लहान गोष्टी सुचवतो. पहिली, किल्लीला घरात एक खुंटी असू द्या आणि तिची जोडकिल्ली शेजारी ठेवा. शेजाऱ्याला किल्ली देताना आपण त्याला विश्वासही देतो, आणि दिलेला विश्वास माणसे सहसा मोडत नाहीत. दुसरी, किल्ली हरवली तर प्रश्न असा विचारा: 'मी कुठे ठेवली?' 'कोणी नेली?' हा प्रश्न निदान तीन दिवस ओठांवर येऊ देऊ नका. माझी किल्ली सापडायला तीन दिवस लागले. तिसरी, किल्ली सापडली की ज्याच्यावर मनातल्या मनात तरी आळ घेतला असेल, त्याच्यापुढे जाऊन उभे राहा. मनातला आळ कुणाला कळत नाही असे म्हणू नका. भांडी घासणाऱ्या हातांना घरातली नजर फार लवकर कळते.

मी गेलो होतो. तिच्या घराच्या दाराला कुलूप नव्हते, कडीला तार गुंडाळलेली होती. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "सापडली न्हवं अण्णा? बरं झालं." मग मी तिला कामावर यायची विनंती केली. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "आता न्हाई यायची मी. पुन्हा कायबी हरवलं तर तुमास्नी माजीच याद येनार."

तिचे खरे होते. ती पुन्हा आली नाही.

आपण सर्वजण गळ्यात इष्टलिंग धारण करतो. ते तिजोरीत ठेवायचे नाही, अंगावर वागवायचे आहे. जे सर्वांत मौल्यवान ते कुलपाविना आणि छातीपाशी, अशी आपली दीक्षा आहे. जवळ असलेले लिंग जर समोरच्या माणसातल्या लिंगाची ओळख करून देत नसेल, तर ते आपण सांभाळले असे कसे म्हणावे? आज रात्री कुलूप ओढून पाहाल तेव्हा एकदा मनालाही ओढून पाहा. दार बंद राहू द्या. मन लागून तर गेले नाही ना, एवढे तपासा.

शरणु शरणार्थी.