अजून किती डबे आणणार आहेस?

किती दिवस झाले रे त्या स्पीकरांना आवाज फुटून? वडिलांच्या रेकॉर्डी माळ्यावरून काढल्यास, टर्नटेबल आणलंस, आता घरी खरा स्टिरिओ बसवणार म्हणून अख्ख्या करकंबात सांगत सुटलास. मग? प्रीॲम्प, पॉवर ॲम्प, फोनो स्टेज, डॅक, स्ट्रीमर. पाच डबे, पाच प्लग, वायरींचा गुंता. आणि गाणी ऐकतोस कशावर? मोबाईलवर! लाज नाही वाटत?

"अजून सेटिंग चाललंय, सर" हे मला ऐकवू नकोस. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला पोरगा तू. गावातल्या मोटारींचे स्टार्टर बोलता बोलता दुरुस्त करतोस. ज्याला कळत नाही त्याला मी बोलत नाही. तुला कळतं, म्हणून चीड येते.

घूं घूं येतंय म्हणे. का येतंय, हे मी सांगू? एक डबा या बोर्डावर, दुसरा त्या बोर्डावर. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या, मधल्या वायरींनी वेटोळं पुरं केलं, की 50 हर्ट्झची घरघर येणारच. तुझ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअरमधून 2 व्होल्ट. चारशे पटीनं कमी असलेला तो सिग्नल तू ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून, मीटरभर लांब वायरीतून फिरवलास. आणि दोष कुणाला? गावच्या लाईटला! नाचता येईना, अंगण वाकडं.

हे सगळं एकाच इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरमध्ये मिळतं. फोनो आत, डॅक आत, स्ट्रीमर आत, प्लग एक. तुला हे आधीपासून माहीत होतं की नाही? खरं बोल.

"पण वेगळे डबे म्हणजे दर्जा." कुणी सांगितलं? आपल्या गावच्या बाजार आमटीत डाळी किती, मसाले किती, आणि पातेली किती? 1978 साली एनएडी 3020 हा इंटिग्रेटेड ॲम्प आला. एकच साधा डबा, फोनो आतच, कागदावर फक्त 20 वॅट. जाणकारांनी तो डोक्यावर घेतला, काही जणांकडे अजून वाजतो. तुला मात्र शंभर वॅट हवेत. कशाला? तुझे स्पीकर 87 डेसिबलचे. म्हणजे 1 वॅटला मीटरभर अंतरावर 87. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल. हिशेब कर. 20 वॅटला शंभर होतात. दहा बाय बाराच्या खोलीत शंभर डेसिबल! शेजारी काठी घेऊन येतील.

तुझी एकच शंका खरी आहे: एक भाग बिघडला की सगळंच बंद. बरोबर. सगळ्यात आधी जुना होतो तो स्ट्रीमर. ॲप बंद पडतं, अपडेट थांबतात. म्हणून ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल इनपुट असलेला ॲम्प घे. उद्या आतला स्ट्रीमर मेला, तर बाहेरून छोटासा जोड. ॲम्प चालूच राहील. वॅट बघशील ते 8 ओहमवरचे, दोन्ही चॅनेल एकदम चालू असतानाचे आरएमएस. खोक्यावर छापलेला भला मोठा आकडा नाही. आणि दुरुस्ती सोलापुरात नाहीतर पुण्यात होते का, ते आधी विचार. संपलं. एवढ्यासाठी रात्री एक-एक वाजेपर्यंत रिव्ह्यू चाळतोस? त्याला अभ्यास म्हणतोस? चालढकल आहे ती. निवड केली की सबब उरत नाही, म्हणून तू निवडच करत नाहीस.

आणि तुझ्या आईचं काय? राम कदमांच्या संगीताचा 1972 चा 'पिंजरा' त्याच रेकॉर्डींमध्ये आहे. भीमसेनजींचे अभंग तिथंच आहेत. पंढरपूर इतकं जवळ, आणि तुझ्या घरात अभंग मुके! ती रेकॉर्ड लावायला जाते आणि मागे फिरते. का? आधी प्रीॲम्प, सगळ्यात शेवटी पॉवर ॲम्प, बंद करताना उलटा क्रम. चुकलं की स्पीकरमधून धाडकन आवाज. एकदा दचकली, तेव्हापासून बटणाला हात लावत नाही. तुला दिसलं नाही? की दिसूनही मान वळवलीस?

पाचही डबे विकायला काढ. त्या पैशात चांगला इंटिग्रेटेड ॲम्प येतो. पुढच्या महिन्यात मी घरी येणार आहे. ॲम्प आईनं चालू करायचा, रेकॉर्डही तिनंच लावायची. तू मधे हात घालायचा नाहीस.