फळीखालची फट

न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या लाकडी घराला रंग द्यायचा असेल, तर आधी नुसतं त्याच्याभोवती फिरून यावं. हातात काही घेऊ नये. रंग सगळीकडे सारखा उडालेला दिसत नाही. दक्षिणेची भिंत उन्हानं फिकटून भुरकट झालेली असते, तरी तिथला रंग लाकडाला धरून असतो. उत्तरेच्या भिंतीवर काळसर ठिपके असतात. आणि पूर्वेला, वरच्या मजल्यावरच्या एका लहानशा खिडकीभोवती, हातभर पोपडे सुटून लोंबत असतात, खालचं लाकूड उघडं पडलेलं. आत जाऊन पाहिलं, तर ती खिडकी न्हाणीघराची निघते.

त्या भिंतीवर पाऊस जितका डावीकडे पडतो तितकाच उजवीकडे. मग रंग नेमका न्हाणीघराच्याच मापात का सुटावा? कारण तिथलं पाणी बाहेरून आलेलंच नाही. ते आंघोळीच्या वाफेचं आहे. थंडीत ती भिंतीत शिरली, गार फळीच्या पाठीशी लागून तिचं पाणी झालं, फळीत मुरलं, आणि ऊन पडल्यावर बाहेर पडायला वाट शोधू लागलं. वाटेत रंग होता. पाण्यानं त्याला ढकलून दिलं.

आपल्याकडे ‘रंगसफेदी’ या शब्दाला झाकपाकीचा वास आहे. चुन्याच्या भिंतीला ते चालून जातं. दिवाळीच्या तोंडावर आणखी एक हात मारला की झालं. लाकडी भिंत मात्र अशी झाकू देत नाही. तिच्या रंगकामात खरवडणं, धुणं, घासणं, लांबी भरणं, अस्तर देणं अशी तयारीची कामं असतात आणि ती प्रत्यक्ष रंगवण्याहून जास्त वेळ खातात. ही कामं वेगवेगळी दिसली, तरी सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: या भिंतीत पाणी कुठून येतं आणि कुठून जातं?

हा प्रश्न कळायला भिंतीची बांधणी पाहावी लागते. आत लाकडी सांगाडा, त्यावर फळ्यांचं आवरण आणि सगळ्यात बाहेर क्लॅपबोर्ड. क्लॅपबोर्ड म्हणजे वरच्या कडेला निमुळत्या आणि खालच्या कडेला जाड अशा आडव्या फळ्या, कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. पाऊस त्यांच्यावरून ओघळून जातो. तरी थोडं पाणी वाऱ्यानं मागे शिरतंच, थोडी वाफ आतून येतेच. ते दोन्ही फळ्यांच्या खालच्या फटींतून निघून जातं. अशी घरं टिकतात: बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावातलं फेअरबँक्स हाउस 1637 ते 1641 च्या दरम्यान बांधलं गेलं आणि त्याचा लाकडी सांगाडा आजही उभा आहे. लाकूड भिजण्यानं मरत नाही, भिजून तसंच राहण्यानं मरतं. त्यातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे थारा मिळत नाही.

मग रंग हवाच कशाला, अशी शंका रास्त आहे. सुरुवातीच्या वसाहतींतली पुष्कळ घरं बिनरंगाचीच होती. उन्हापावसानं उघडं लाकूड करडं पडतं आणि झिजतं, पण ती झीज शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर, इतकी संथ असते. घराच्या जाड तुळईला तिचं काहीच वाटत नाही. क्लॅपबोर्डची जाड कडच मुळी बोटभरसुद्धा नसते, निमुळती तर त्याहून पातळ. तिला ही झीज परवडत नाही, आणि फळी तडकली, वाकली की मागचं सगळं उघडं पडतं. म्हणून रंग. तो ऊन अडवतो, पावसाचा मारा अडवतो. पण वाळलेला एक हात केसाच्या जाडीचाही नसतो, आणि तो ज्यावर बसलेला असतो ते लाकूड सतत हलत असतं. ओलं झालं की रुंदीत फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ तसंच राहतं. एवढ्याशा पापुद्र्यानं मागून येणारं पाणीही थोपवावं, ही अपेक्षा त्याला पेलणारी नाही.

1970 च्या दशकात इंधन महागलं, तेव्हा पुष्कळ जुन्या घरांच्या पोकळ भिंतींना भोकं पाडून आत उष्णतारोधक साहित्य भरलं गेलं. घरं उबदार झाली. पण त्या पोकळीतून खेळणारी जी हवा भिंत वाळवायची, ती थांबली, आणि वर्षानुवर्षं टिकलेले रंग कुठेकुठे सुटू लागले. घरमालकांनी दोष रंगाला दिला.

म्हणून तयारीचं पहिलं काम म्हणजे भिंत वाचणं. फोड आलेला असेल तर तो चाकूनं कापून आत पाहावं. खाली कोरं लाकूड दिसलं, तर पाणी मागून आलंय. खाली जुना रंगच दिसला, तर बहुधा तापलेल्या भिंतीवर घाईनं रंग दिल्याचा तो फोड आहे. काळ्या डागावर कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचचा थेंब टाकावा. डाग उडाला तर बुरशी, राहिला तर धूळ. बुरशी म्हणजे ती जागा लवकर वाळत नाही. तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर उन्हानं रंगातला चिकटा खाल्लाय. ती धुतल्याशिवाय वरचा रंग भुकटीवरच बसेल. आणि फळीच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या खोल भेगा दिसल्या, तर तो थरांवर चढलेल्या थरांचा भार आहे. जुना तेलरंग वयानं कडक होत जातो आणि लाकडाबरोबर हलेनासा होतो. तिथे आणखी एक हात देणं म्हणजे भार वाढवणं.

वाचून झालं की दुरुस्ती. गळकी पन्हळ, भिंतीला खेटून वाढलेली झुडपं, खिडकीवरचा सुटलेला पत्रा, न्हाणीघरातली हवा घराबाहेर न सोडता माळ्यावर सोडणारा पंखा. यातलं काहीच रंगाऱ्याच्या कामात मोडत नाही. पण हे राहिलं, तर रंगाऱ्याचं काम टिकत नाही.

त्यानंतर खरवडणं. इथे हात आवरता घ्यावा लागतो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं जुन्या घरांच्या रंगाबद्दल जे मार्गदर्शन लिहून ठेवलंय, त्याचा रोख असा की सुटलेला रंग काढावा, घट्ट बसलेला राहू द्यावा, आणि सगळा रंग उतरवणं हा शेवटचा उपाय मानावा. याला दुसरंही कारण आहे. तिथे घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या घरांच्या थरांत शिसं असण्याची शक्यता मोठी. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून आधी तपासणी करायची. शिसं निघालं तर जमिनीवर प्लॅस्टिक अंथरायचं, पृष्ठभाग ओला करून खरवडायचा, ज्योतीनं रंग जाळायचा नाही, प्रत्येक पोपडा गोळा करायचा. असं काम पैसे घेऊन करणाऱ्यांना 2010 पासून प्रमाणपत्र सक्तीचं आहे.

धुताना मोह होतो तो जोरदार फवाऱ्याच्या यंत्राचा. काम तासाभरात उरकतं. पण क्लॅपबोर्ड वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी रचलेले आहेत. खालून वर मारलेला झोत फटींतून थेट मागे जातो. ज्या पाण्याला बाहेर काढायचं, तेच आपण भरून ठेवतो. बादली, साबण, लांब दांड्याचा ब्रश आणि बागेतली साधी नळी पुरते.

मग थांबणं. दोन सुया असलेलं ओलावामापक फळीत टोचून पाहावं. आकडा पंधरा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय अस्तराचा डबा उघडू नये. पण फार थांबूनही चालत नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसलंय, की उघडं लाकूड दोनतीन आठवडे उन्हात राहिलं तरी त्यावर रंगाची पकड कमी होते; लाकडाचे तंतू जोडून ठेवणारं द्रव्य ऊन मोडतं. तेव्हा उघडी पडलेली फळी पॉलिश पेपरनं घासून लगेच अस्तर द्यावं. वाळायला वेळ द्यायचा, पण करपायला नाही. म्हणून जाणता माणूस सगळं घर एकदम खरवडत नाही, एकेक भिंत घेतो.

अस्तर देताना फळीच्या कापलेल्या टोकांकडे पाहावं. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात, आणि झाड तोडलं तरी त्या पाणी ओढायचं सोडत नाहीत. फळीचा पृष्ठभाग जे सावकाश पितो ते टोक घटाघटा पितं. म्हणून टोकांना अस्तर मुरवून द्यावं, जमलं तर दोनदा.

उरते लांबी आणि सांधे भरणं. खिळ्यांची भोकं, तडे, फळी जिथे खिडकीच्या चौकटीला भिडते तो उभा सांधा, हे सगळं भरावं. तिथून पाणी आत जातं. आणि इथेच मन लावून काम करणारा माणूस चुकतो. त्याला क्लॅपबोर्डखालच्या आडव्या फटी दिसतात, ओळीनं, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच्या मनात येतं, एवढं केलं तर हेही भरू. सांधे भरायची बंदूक घेऊन तो दोन दिवस खपतो आणि भिंत फुलपात्रासारखी लख्ख, बिनफटीची करतो. फुलपात्रातलं पाणी बाहेर पडत नाही, तसंच या भिंतीतलंही. पुढच्या थंडीत वाफ येते, वसंतात ऊन पडतं, आणि पोपडे पुन्हा त्याच खिडकीभोवती सुटतात.

त्या फटी मोकळ्याच ठेवायच्या. काम संपल्यावर संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की प्रत्येक फळीखाली सावलीची बारीक रेघ दिसते. नव्या रंगावर ती कुणाला उणीव वाटेल. पण महिनाभराच्या मेहनतीत जपायची होती ती तीच.