परंपरेची साक्ष

बदनापूरच्या शिवारांत बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल ओळखावयास वैद्य बोलवावा लागत नाहीं. तापांत तिचा काढा घ्यावा हें घरोघरीं ठाऊक असतें, आणि ‘बाधणार तर नाहीं ना?’ असें विचारल्यास उत्तर ठरलेलें असतें : आजोबा-पणजोबांना बाधली नाहीं, ती आपल्याला कशी बाधेल? हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु तो कोठपर्यंत पोंचतो हें पाहण्याचें आपण सहसा टाळतों.

अनुभव हा साक्षीदार प्रामाणिक खरा, पण त्याची दृष्टि जवळची. जें द्रव्य तासाभरांत ओकारी आणतें तें त्यानें केव्हांच ओळखलें. बचनाग किंवा कुचला शुद्ध केल्याशिवाय पोटांत घेऊं नये, हें शिकविणारा तोच. पण हजारांत एखाद्याचें यकृत महिन्या-दोन महिन्यांनीं बिघडविणारें द्रव्य त्याच्या नजरेस कसें पडावें? कावीळ झालेल्या माणसाच्या घरीं तिचा संबंध काढ्याशीं कोण जोडील? उलट त्या काविळीवर आणखी एक काढा दिला जाईल!

ही नुसती कल्पना नव्हे. कोव्हिडच्या साथींत प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून असंख्य लोकांनीं गुळवेल घेतली. २०२१ सालीं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीं, ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच यकृतावर उलटावी तशीं चिन्हें तींत दिसलीं. केंद्राच्या आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं, ती खरी गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाहीं. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असूं शकेल. पुढील वर्षीं अनेक रुग्णालयांतील ४३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मंत्रालयाचा आक्षेप मला निरर्थक वाटत नाहीं. परंतु वेल ओळखण्यांत एवढी चूक संभवत असेल, तर बाजारांतून पूड आणणाऱ्या गृहिणीनें ती कशी ओळखावी? चरकानेंही अज्ञात औषधाला विष, शस्त्र व अग्नि यांच्याच पंक्तीस बसविलें आहे.

तेवढ्यावरून जुनें तें सारें फेंकून द्यावें म्हणणें हाही आळसच होय. सर्पगंधेचें मूळ वेडावर व निद्रानाशावर पूर्वापार वापरांत होतें. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं त्याविषयीं लिहिलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील प्रयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला, आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळांतून रेसर्पिन वेगळें काढलें. औषध आतां मिलिग्रॅमच्या अंशांनीं मोजून दिलें जाऊं लागलें, म्हणूनच तें घेणाऱ्या कांहींजणांचें मन खचतें ही तक्रारही नोंदली गेली. तिच्या खरेपणावर पुढें वाद झाला, पण वाद घालण्याजोगें कांहीं हातीं तरी होतें.

आमच्या बदनापुरांतच कृषि संशोधन केंद्र आहे. बीडीएन ७११ सारखा तुरीचा वाण शेतकऱ्याच्या हातीं पडतो, त्यापूर्वीं तो निरनिराळ्या ठिकाणीं व हंगामांत जुन्या वाणाशेजारीं पेरून पाहिलेला असतो. मर रोगापुढें तो टिकतो कीं नाहीं, हें तपासलेलें असतें. यांत पूर्वजांच्या बियाण्याचा अपमान झाला असें कोणी शेतकरी मानीत नाहीं. मग पोटांत जाणाऱ्या औषधाविषयींच आपण इतके हळवे कां? औषधविषयक नियम १५८-ब प्रमाणें, प्राचीन ग्रंथांतील औषध त्यांत सांगितलेल्याच उपयोगासाठीं करावयाचें असल्यास परवान्याकरितां सुरक्षिततेचा अभ्यास मागितला जात नाहीं.

स्वतःच्या देहाचा धोका ज्यानें त्यानें पत्करावा. पण काढा बहुधा दुसऱ्याला दिला जातो. आई लेकराला देते, सून सासऱ्याला देते, आणि घेणारा देणाऱ्याच्या मायेकडे पाहून पेला रिकामा करतो. पुढें दवाखान्यांत डॉक्टर ‘आणखी कोणतें औषध चालूं आहे?’ असें विचारतात, तेव्हां घरचीं माणसें ‘कांहीं नाहीं’ म्हणून सांगतात. खोटें बोलावें असा त्यांचा हेतु नसतो. काढा हें औषध आहे, हेंच त्यांच्या ध्यानांत आलेलें नसतें.