सोपे झाले म्हणून मोल कमी होते का?



पावसाळा सरल्यापासून आपल्या धर्मग्रामातील काही तरुणांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या दोन-तीन मंडळींनीही सकाळी सायकल चालवण्याचा नेम धरला आहे. कुणाला डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितले आहे, कुणाला वजन उतरवायचे आहे, तर कुणाला डहाणूहून बोर्डीपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊन यायची हौस आहे. चांगली गोष्ट आहे. मात्र मिस्सानंतरच्या गप्पांत त्यांची दोन वाक्ये आमच्या कानी पडली आणि ती मनातून जाईनात. एक तरुण म्हणाला, "फादर, डोळ्यांपुढे अंधारी आल्याशिवाय व्यायाम केल्यासारखे वाटतच नाही." एका काकांचे म्हणणे निराळे होते. "आता चढ जाणवतच नाही, म्हणजे आता त्यात काही राम राहिला नाही."

दोघांच्याही बोलण्याखाली समज एकच आहे. जे जड जाते ते मोलाचे, आणि अंगवळणी पडले की मोल सरले. हा समज सायकलपुरता असता तर आम्ही त्यासाठी हे पान खर्ची घातले नसते. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची दहा वर्षे सेवा करणारी सूनही म्हणते, "आता सवय झाली, फादर, त्यात काय मोठे?" म्हणून हा समज नीट तपासून पाहू या.

आधी सायकलचेच घेऊ. नवशिक्याचा दम वाढतो तो कसा? पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातील रक्ताचा द्रवभाग वाढतो. पुढे काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. पायांच्या स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्याही वाढतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या नाड्या मात्र फार सावकाश बळकट होतात. म्हणून महिन्याभरात छाती तयार होते आणि गुडघा कुरकुरतो. ही सगळी बांधणी मुख्यतः विश्रांतीच्या वेळी चालते. म्हणजे ज्या दिवशी आपण सायकलला हात लावत नाही, तो दिवसही कामाचाच असतो. आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की कमावलेले उतरू लागते.

यावरून रीत ठरते. आठवड्यातून तीन-चार दिवस, पहिल्यांदा वीस-तीस मिनिटे पुरेत. वेग एवढाच ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. शब्द तुटू लागले की वेग उतरवावा. दर आठवड्याला थोडी भर घालावी आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथा हलका ठेवावा. सीटची उंची अशी हवी की पेडल खाली असताना टाच त्यावर टेकवली तर पाय सरळ होईल. बहुतेकांची सीट फार खाली असते आणि दोष वयाला दिला जातो! गिअर असतील तर हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत, जड गिअर रेटू नये. आपल्याकडच्या दमट हवेत ऊन चढण्याच्या आत घरी परतलेले बरे. दीड तासाच्या वर जायचे असेल तर केळे, चिक्कू किंवा चिक्की आणि मीठ-साखरेचे पाणी जवळ असावे, कारण जोराने चालवल्यास स्नायूंतील साखरेचा साठा दीड-दोन तासांत संपत येतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावे आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले तर थांबावे. त्यात कमीपणा नाही.

म्हणजे अंधारी येईपर्यंत ताणणारा आमचा तरुण दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाही, तिसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून काढत नाही, आणि पुढच्या रविवारी ती भिंतीला टेकलेली असते. त्याने त्रास पुष्कळ सोसला, पण दम वाढला नाही.

आता काकांचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की मनाची ओढ नसताना केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीत नैतिक मोल सर्वांत स्पष्ट दिसते. यातून पुष्कळांनी असा अर्थ काढला, की ओढ नसणे हेच मोल. ॲरिस्टॉटलचे मत याच्या उलट होते. सत्कृत्य करताना आनंद वाटू लागला की सद्गुण मुरला असे समजावे, असे तो सांगतो. सेमिनरीत यावर आम्ही वर्गमित्र रात्र-रात्र वाद घालत असू. आज आम्हाला तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक छोटा भेद दोघांपेक्षा उपयोगी वाटतो. काम दोन कारणांनी जड जाते, असे ते म्हणतात: काम मोठे असते म्हणून, किंवा करणारा उणा पडतो म्हणून. पहिल्या कारणाने कामाचे मोल वाढते, दुसऱ्याने ते कमी होते. पहिल्या आठवड्यात लहानशा चढावर आपल्याला धाप लागते ती चढ मोठा असतो म्हणून नव्हे. आपण अजून तयार नसतो. तीन महिन्यांनी धाप गेली तर गेले ते आपले उणेपण. चढ तेवढाच आहे. आणखी एके ठिकाणी ते म्हणतात, की सद्गुणात अवघडपणापेक्षा चांगुलपणाचे वजन अधिक असते. जास्त अवघड ते जास्त पुण्याचे, असे सरसकट म्हणता येत नाही.

पण काकांचे निम्मे म्हणणे खरे आहे, आणि तेही थॉमस यांच्याकडेच सापडते. प्रत्येक कृतीने सवय वाढते का, असा प्रश्न त्यांनी घेतला आहे. उत्तर असे, की अंगी जेवढी सवय आहे तेवढ्या किंवा त्याहून अधिक जोमाने केलेली कृती तिला वाढीकडे नेते, आणि ढिलाईने केलेली कृती तिला उताराला लावते. प्रत्येक घासाने जनावर वाढताना दिसत नाही, प्रत्येक थेंबाने दगड झिजत नाही. पुष्कळ झाले की परिणाम दिसतो. व्यायामशास्त्राच्या कितीतरी आधी लिहिलेले हे आहे! तेव्हा काकांनी चढ सोपा झाला म्हणून सायकल सोडू नये. थोडा लांबचा चढ शोधावा.

लांबचा म्हणजे किती लांबचा? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती प्रत्येकी एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. म्हणजे दिवसाला चारशे किलोमीटरहून अधिक, आणि तेही दिवसामागून दिवस. धापा टाकत कोणी एवढे जाऊ शकत नाही. गोकुळनाथ यांना आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, ही शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. थॉमस धैर्याची दोन कामे सांगतात, चाल करून जाणे आणि तग धरणे, आणि त्यांतले मुख्य दुसरे मानतात. नवशिका चढावर चाल करून जातो. तग धरणे नंतर येते.

इटलीचा जीनो बार्ताली हा कॅथलिक सायकलपटू १९३८ आणि १९४८ साली 'टूर द फ्रान्स' जिंकला. मधल्या युद्धकाळात, १९४३-४४ मध्ये, ज्यू कुटुंबांना वाचवण्यासाठी लागणारी खोटी ओळखपत्रे तो सायकलच्या नळ्यांत लपवून फ्लोरेन्स आणि असिसी यांच्यामध्ये नेत असे. सराव चालला आहे असे पाहणाऱ्यांना वाटे. २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. एवढे लांब अंतर त्याच्या पायांना इतरांपेक्षा पुष्कळ सोपे होते. ते सोपे होते म्हणूनच कोणाला संशय आला नाही. त्याच्या कृतीचे मोल नळीत काय होते त्यावर ठरले. पाय किती दुखले त्यावर नाही.

इथपर्यंत आलो की एक धोका समोर उभा राहतो आणि तो आपल्या भागात फार जुना आहे. "त्यांना सवय असते" हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलो आहोत. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईबद्दल ते म्हटले जाते, तसेच कैनाडहून डहाणूला रोज सायकलने कामाला जाणाऱ्या मजुराबद्दलही. १९४५ साली याच डहाणू-तलासरीत वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याआधी पिढ्यान् पिढ्या त्यांच्या सोसण्यावर इतरांची शेते पिकली. ज्याला काम सोपे झाले त्याच्याबद्दल आपले देणे कमी झाले, हा हिशेब कुठून आला? थॉमस यांचा भेद इथे उलट बाजूने लावून पाहावा. काम जड राहिले असेल आणि माणूस समर्थ झाला असेल, तर वाढला तो माणूस. कामाचे माप तेवढेच आहे, आणि मजुरीही त्या मापानेच द्यायला हवी.

हौसेने दम वाढवणारा मोजून वाढवतो, विश्रांतीचा दिवस राखतो, दुखले तर थांबतो. पोटासाठी पेडल मारणाऱ्याला यांतले काहीच हाती नसते. "आमच्या आईबापांनी कुठे मोजून दम कमावला?" असे आपल्यातील एक आजोबा विचारतात. नाही कमावला, खरे आहे. त्यांचे गुडघेही साठीच्या आतच गेले, हे त्याच आजोबांनी आम्हाला सांगितले आहे.

शाळेला सायकलने जाणाऱ्या आपल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या सायकलींचे ब्रेकचे रबर झिजले आहे आणि चेन कोरडी आहे. अशी सायकल चालवताना जी धाप लागते ती ना चढाची, ना मुलीची. नव्याने सायकल चालवू लागलेल्या मंडळींनी येत्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर पाने आणि तेल घेऊन थांबायचे कबूल केले आहे. सीटची उंचीही तेव्हाच पाहून घेऊ.