देवीच्या दिव्यातलं तेल

नवरात्र जवळ आलं की देवासच्या बाजारात दिव्याच्या तेलाच्या बाटल्या दिसू लागतात. वर देवीचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’. ही ओळ मला सलते. जे आपण तोंडात घालणार नाही, ते आमच्या टेकडीवरच्या थोरल्या-धाकट्या देवीपुढे जाळायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

माझी भाची अथेन्सला असते. घटस्थापनेआधी तिचा फोन आला, “मावशी, अखंड दिव्याला ऑलिव्हचं तेल चालेल का गं?” मी विचारलं, “भाजी कशात करतेस?” “त्यातच.” “मग खुशाल घाल,” म्हटलं.

तिथे हा प्रश्न कुणाला पडतही नसेल. ग्रीक घरांत संतांच्या चित्रांपुढे जो दिवा तेवतो, त्याला ते कांदिली म्हणतात. त्यात परंपरेने ऑलिव्हचंच तेल, जे जेवणातही असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी तेच तेल बाळाच्या अंगाला चोळतात. तेलासाठी मुख्यतः कोरोनेइकी जात. तिचं फळ अगदी बारीक. बाकीच्या जाती खाण्याच्या. कालामाताचं टोकदार, जांभळट काळं फळ व्हिनेगर घातलेल्या खाऱ्या पाण्यात मुरवतात. खाल्किदिकीचं मोठं हिरवं फळ लसूण नाहीतर बदाम भरून खातात. थासोस बेटावरचं थ्रूम्बा झाडावरच सुरकुततं, मग ते मिठात घालतात. ताजं ऑलिव्ह इतकं कडू की तसंच खाववत नाही.

पुराणकथेत हे झाड अथेना देवीनेच अथेन्सला दिलं. तिच्या उत्सवातल्या शर्यती जिंकणाऱ्यांना तिच्या पवित्र झाडांचं तेल रंगवलेल्या कुंभांतून बक्षीस मिळे, आणि ते विकायलाही त्यांना मुभा होती. देवीचं म्हणून ते देवळात कोंडून ठेवलं नाही. ते माणसांच्या अंगाला लागलं, त्यांच्या ताटात गेलं, आणि तरी देवीचंच राहिलं.

यावर आमच्याकडची जाणती मंडळी म्हणतात की देवाचं सोवळ्यातलं वेगळंच असावं. खरं आहे. पण वेगळं कशातून काढायचं? आमचं घराणं मराठा सरदार पवारांबरोबर दख्खनेतून माळव्यात आलं. घाण्यावरून तिळाचं तेल आलं की आजी पहिली पळी दिव्याच्या बुधलीत काढायची, मगच डबा स्वयंपाकघरात जायचा. तेल एकच, मान पहिल्या पळीला. नैवेद्याचंही तसंच आहे. देवाला दाखवलेलं अन्न आपण मागाहून जेवतो, म्हणून तर तो प्रसाद. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेलं खाणाऱ्याची थोरवी सांगितली आहे. देवाचं आणि आपलं अन्न मुळातच निराळं असेल, तर उरणार काय आणि वाटून घेणार काय?

धार जिल्ह्यात कुक्षीकडच्या भिल्ल वस्त्यांत मोहाचं झाड आहे. त्याची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वाळवून खातात, त्यांची दारूही काढतात. पावसाळ्याच्या तोंडाला बिया मिळतात, त्यांचं तेल निघतं. ते थंडीत तुपासारखं थिजतं. ते कालवणात पडतं, दिव्यातही जळतं. दारूची पहिली धार जमिनीवर सोडून देवाला, पूर्वजांना देतात, मग माणसं पितात. आमच्यातले पुष्कळ जण याला अशुद्ध म्हणतात. मला ते मान्य नाही. मोह त्यांच्या घरात आहे, पोटात आहे, म्हणून देवापुढे आहे. आजीच्या पहिल्या पळीत आणि या पहिल्या धारेत मला काडीचाही फरक दिसत नाही.

आता माळव्यात शेतोशेती सोयाबीन आहे आणि आमच्या चुलीवरही सोयाबीनचंच तेल. धाकटी सून दिव्यासाठी वेगळी बाटली आणू पाहते, कारण सोयाबीन म्हणजे कारखान्यातलं, देवाला कसं चालेल असं तिला वाटतं. मी तिला सांगते, डबा फोडलास की पहिली पळी इकडे दे.