गाणारा गेल्यावर: खान्देशातील लोककवींची स्मृती

लोककवीचे स्मरण करणे ही पुस्तक लिहिणाऱ्या कवीच्या स्मरणापेक्षा अधिक जोखमीची गोष्ट असते. छापून प्रसिद्ध झालेला कवी गेला तरी त्याचे शब्द कपाटात सुरक्षित राहतात. वाचक रोडावले तरी ओळी जागच्या हलत नाहीत. लोककवीचे गाणे त्याच्या गळ्यात आणि ऐकणाऱ्यांच्या कानात असते. तो गेला की ऐकणाऱ्यांनी जेवढे राखले तेवढेच मागे उरते. म्हणून त्याच्यावर जीव लावणाऱ्यांना नुसता शोक करून भागत नाही. गाणे पुढे नेण्याचे काम त्यांच्या अंगावर येते. हे काम दोन मार्गांनी होते: वहीत उतरवून आणि गळ्यात ठेवून. जळगाव आणि धुळे या भागाने हे दोन्ही मार्ग पाहिले आहेत. प्रत्येक मार्गाने काय वाचते आणि काय निसटते, हे इथल्या उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

वहीच्या मार्गाचे सर्वांत मोठे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे आहे. जळगावजवळच्या असोद्यात महाजनांच्या घरी 24 ऑगस्ट 1880 रोजी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तरुणपणीच वैधव्य आले. दोन मुलगे, एक मुलगी आणि शेती असा सगळा भार त्यांनी एकटीने ओढला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पेरणी, कापणी, मळणी, दळण, सण, पाहुणे, माहेर, मरण अशा रोजच्या विषयांवर त्या काम करता करता गाणी रचत आणि म्हणत. 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात त्यांचे निधन झाले. तोवर महाराष्ट्राला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. त्यांचे चाहते म्हणजे घरचे लोक, भाऊबंद, शेजारणी आणि शेतात बरोबरीने राबणाऱ्या बाया.

ही गाणी कशी तयार होत असतील हे समजायला घरोटाजवळ बसायला हवे. जात्याला खान्देशात घरोट म्हणतात. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसतात, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने उजव्या हाताने फिरवत डाव्या हाताने धान्याचा घास टाकायचा, दुसरीने वेग राखायचा. दगड जड असतो, त्यामुळे फेऱ्याला आपली एक लय येते आणि ओवीचा चरण त्या लयीतच बसतो. श्वास संपतो तिथे ओळ संपते. एकीने ओवी सोडली की दुसरी तिला जोड देते किंवा शेवट उचलून धरते. इथे रचणारी, गाणारी आणि ऐकणारी अशी वेगळी माणसे नसतात. दळण सरले की गाणे थांबते. कोणी मनात धरून ठेवले तरच ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते.

बहिणाबाईंची गाणी टिकली, कारण घरातच लिहिणारे हात तयार झाले. मुलगा सोपानदेव (1907–1982) पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आला. तो आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा, जमेल तशी ही गाणी वहीत उतरवून ठेवली. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचताच हा ठेवा महाराष्ट्रापुढे आणण्याचा आग्रह धरला आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. कवयित्री गेल्यानंतर वर्षभरातच तिची कविता मराठीभर पोहोचली. मायलेकाचे नाते, मावसभावाची चिकाटी आणि एका जाणत्या संपादकाची पारख, एवढ्या तीन धाग्यांवर हे सारे उभे आहे. यांतला एक जरी धागा तुटला असता, तरी मराठी कवितेचा हा भाग असोदा-जळगावच्या शिवारातच मावळला असता. जे त्या वहीत उतरले नाही ते तसेच मावळले, हेही विसरता येत नाही.

छापील पुस्तकाने पुढे मोठे काम केले. ही गाणी शालेय पाठ्यपुस्तकांत गेली. ज्यांनी कधी कपाशीचे शेत पाहिले नाही, अशा मुलांच्याही ती तोंडी बसली. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात ती घरोघर पोहोचली. पुढे यशवंत देव यांच्या चाली आणि उत्तरा केळकर यांचा आवाज यांतून नव्या पिढीने ती ऐकली. 11 ऑगस्ट 2018 रोजी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आज एका निरक्षर शेतकरी बाईचे नाव असते. लोककवीच्या वाट्याला एवढे मोठे सार्वजनिक स्मरण महाराष्ट्रात क्वचितच आले आहे.

तरीही वहीने एक गोष्ट वाचवली नाही, ती म्हणजे चाल. आज बहिणाबाईंचे गाणे म्हणून जे सूर कानात येतात, ते संगीतकारांचे आहेत. ते सुंदर आहेत, त्यांनीच गाणी लोकप्रिय केली. पण स्वतः बहिणाबाई ती कशा म्हणत, कुठे थांबत, कोणता शब्द ओढत, हे कागदावरून कळत नाही. त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण नाही. यात दोष यंत्राच्या अभावाचा नव्हता. कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे 1902 मध्ये ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा बहिणाबाई बावीस वर्षांच्या होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत नाटकातली पदे, भजने, लावण्या तबकड्यांवर आल्या. शेतात राबणाऱ्या बाईचे गाणे मुद्रित करण्याजोगे आहे, असे मात्र कोणाला वाटले नाही. बोलीचेही थोडे असेच झाले. बहिणाबाईंची लेवा समाजातली बोली तिच्या उच्चारांसह लिहून काढताना लिहिणाऱ्याला प्रमाण लिपीच्या चौकटीत राहावे लागते. ती बोली ऐकलेला माणूस ओळीचा नाद स्वतः भरून घेतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो नाद मिळत नाही.

दुसरा मार्ग गळ्याचा. त्याचे मोठे उदाहरण लोककवी वामनदादा कर्डक. त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत झाला. अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली. 1943 पासून त्यांनी गीते लिहायला सुरुवात केली आणि पुढची साठ वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार हजारो गीतांतून गावोगाव पोहोचवला. 15 मे 2004 रोजी ते गेले. त्यांची पुस्तके निघाली, आत्मचरित्र निघाले. पण त्यांची गाणी मुख्यतः टिकली ती गायन पार्ट्यांमुळे. खान्देशात भुसावळच्या रेल्वे वसाहतींपासून धुळ्यापर्यंतच्या वस्त्यांमध्ये ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आहेत.

अशा कार्यक्रमाची रीत ठरलेली असते. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत रात्री वस्तीच्या चौकात मंच उभा राहतो. पेटी, ढोलकी, मागे कोरस. आधी वंदना, मग बाबासाहेबांच्या जीवनावरची गीते, मग समाजातल्या वाईट चालींवर कोरडे. गायक एक कडवे दोनदा घेतो. दुसऱ्या वेळी समोरची माणसे त्याच्याबरोबर म्हणतात. आवडलेल्या ओळीवर कोणी उठून बक्षीस देतो आणि देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारले जाते. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते. संतांनी अभंगात आपले नाव गुंफावे तशी वामनदादांनी आपल्या गीतांत ‘वामन’ ही मुद्रा ठेवली. या मुद्रेने फार मोठे काम केले आहे. पुस्तक हाती नसलेल्या श्रोत्यालाही गीत कोणाचे, हे गाण्यातूनच कळते. कवी गेल्यावरही दर कार्यक्रमात त्याचे नाव हजारो माणसे एका सुरात घेतात. याहून जिवंत स्मारक कोणत्याही लोककवीला मिळणे कठीण.

धुळ्याजवळचे लळिंग हे या परंपरेचे एक ठिकाण आहे. एका खटल्याच्या निमित्ताने 31 जुलै 1937 रोजी डॉ. आंबेडकर धुळ्याला आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक मोठ्या संख्येने जमतात आणि भीमगीते होतात. मुक्ताईनगरचे लोकशाहीर प्रतापसिंग बोदडे यांनी वामनदादांचा वारसा जळगाव जिल्ह्यात पुढे नेला. स्वतः लिहिले, गायले आणि नव्या गायकांना आपली गीते दिली. आता तेही हयात नाहीत. त्यांच्या चाहत्यांपुढे आज गाणे पुढे नेण्याचा तोच प्रश्न आहे, जो 1951 मध्ये सोपानदेवांपुढे होता आणि 2004 मध्ये वामनदादांच्या शिष्यांपुढे होता.

गळ्याच्या मार्गात चाल वाचते, ठेका वाचतो, गाणे ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यातच राहते. पण त्याचेही धोके आहेत. गायक सोयीप्रमाणे शब्द बदलतो. लांब गीत छोटे करताना शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवीची मुद्राही जाते. ध्वनिफितींच्या आणि पुढे मोबाइलच्या काळात गायकाचे नाव मोठे झाले आणि गीतकाराचे नाव मागे पडले. नावाजलेल्या कवीचेच असे होते, तर लहान गावातल्या शाहिराची काय कथा! त्याचे गाणे दुसऱ्याच्या नावावर खपते किंवा ‘पारंपरिक’ या शब्दाखाली गाडले जाते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, भाद्रपदातली गुलाबाईची गाणी, कानबाईच्या उत्सवातली अहिराणी गाणी, वहीगायन या लोकप्रकारातली लांबलचक आख्याने ही सगळी कोणीतरी पहिल्यांदा रचलेलीच आहेत. आज ती कोणाची, हे सांगणारे माणूस सापडत नाही.

लोकगीत लिहून किंवा मुद्रित करून ठेवण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो. लोकगीत वाहते असते, ते एका रूपात बांधले की त्याचा जीव जातो, असे म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. जिथे गाणे अजून गायले जाते तिथे वही त्याला अडवत नाही. लोक वहीला विचारून गात नाहीत. घरोट मात्र थांबला आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळणाच्या ओवीचे निमित्तच संपले. मळणी यंत्राने होते, पेरणीला ट्रॅक्टर येतो. ज्या कामाने गाणे जन्माला घातले ते कामच उरले नाही, तर गाणे आपोआप वाहत राहील, ही अपेक्षा फोल आहे. अशा वेळी नोंद हीच त्याची शेवटची आशा असते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त त्यात पाळली गेली, हे विशेष.

खान्देशाला ही शिस्त परकी नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती सानेगुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज हातात आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या याच सानेगुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर त्यांची कागदपत्रे सांभाळण्यासाठी 1927 मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिराने हस्तलिखिते जपली. लिहिलेला कागद जपण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या या भागात गायलेल्या शब्दासाठी मात्र तेवढी काळजी घेतली गेली नाही. इतिहासाचे साधन म्हणजे दप्तर, हा समज त्याच्या मुळाशी आहे. कापसाच्या शेतातल्या बाईचे किंवा वस्तीतल्या शाहिराचे म्हणणे दप्तरात येत नाही. ते गाण्यातच असते. गाणे गेले की त्या माणसांचा इतिहासही जातो.

वही आणि गळा यांतला एकच निवडण्याची आज गरज नाही. सोपानदेवांकडे दौत-टाक होता. आजच्या श्रोत्याच्या खिशात मोबाइल आहे, त्यात आवाज, चेहरा आणि शब्द एकाच वेळी मावतात. उणीव आहे ती नोंदीची. गीतकाराचे नाव, गाव, चाल कोणाकडून आली, गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात आणि अवघड शब्दांचा अर्थ, एवढ्या पाच गोष्टी सोबत लिहिल्या की एक साधी चित्रफीत अभ्यासाचे साधन होते. त्या नसतील तर ती काही महिन्यांत शेकडो चित्रफितींच्या ढिगात हरवते. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांमार्फत अशा नोंदींचे ध्वनिभांडार उभारले, तर त्या नावाचा खरा मान राखला जाईल. मराठीच्या विद्यार्थ्याने आपल्या आजीची किंवा गावच्या शाहिराची पाच गाणी नोंदवणे हे प्रकल्प म्हणून सहज शक्य आहे.

पुण्यतिथीला हार घालणे, पुरस्कार देणे, चौकाला नाव देणे यांतून कवीविषयीचा आदर दिसतो आणि तो योग्यच आहे. मात्र लोककवीचे खरे स्मरण त्याच्या गाण्याचे शब्द, चाल आणि नाव या तिन्ही गोष्टी एकत्र टिकण्यात आहे. बहिणाबाईंची चाल गेली; अनेक शाहिरांची नावे गेली. खान्देशातल्या प्रत्येक गावात आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेले गाणारे एखादे माणूस अजून आहे. ते आहे तोवरच त्याच्याकडे जाऊन बसावे, त्याचे गाणे त्याच्याच आवाजात आणि त्याच्याच नावाने नोंदवून घ्यावे.