पन्हळीखालचं पिंप

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. इतका सोपा हिशेब, पण आपण तो मांडत नाही. ‘काल 25 मिलिमीटर पाऊस झाला’ हे वाचून पान उलटतो. तोच पाऊस 100 चौरस मीटरच्या गच्चीवर पडला तर अडीच हजार लिटर होतो. मुरणारं, उडणारं सोडलं तरी दोन हजार कुठे जात नाहीत. आणि आपण पन्हळीखाली मांडतो ते पिंप असतं 200 लिटरचं. पहिल्याच दणदणीत सरीत ते भरतं आणि मग वाहतच राहतं.

मग ते ठेवायचंच कशाला? पावसाळ्यात बागेला पाणी घालतं तरी कोण? शेजारीपाजारी हा प्रश्न हसत हसत विचारतात. त्यांनी एकदा छज्ज्याखालच्या कुंड्या पाहाव्यात. बाहेर धो धो पाऊस आणि ग्रिलच्या आतली तुळस मान टाकून उभी. वाऱ्याबरोबर चार शिंतोडे येतात, पानं ओली दिसतात आणि बघणारा फसतो. मातीत बोट खुपसलं की आत खडखडीत. शहरातली निम्मी बाग अशी भर पावसात उपाशी असते.

शिवाय उघडीप आहेच. ऑगस्टमध्ये पुण्या-नाशकाकडे पाऊस कधी कधी आठ-दहा दिवस दडी मारतो, ऊन चटके देतं आणि आषाढात लावलेली रोपं माना टाकतात. वीस कुंड्यांना रोज एकेक लिटर धरलं तर भरलेलं पिंप दहा दिवस पुरतं. त्याचा आवाका एवढाच, एका उघडिपीपुरता. त्याच्या भरवशावर मे महिना काढू म्हणणाऱ्यानं पुन्हा हिशेब करावा. तेवढ्याच कुंड्यांना फेब्रुवारी ते मे कमीत कमी 2,400 लिटर लागतील. म्हणजे अशी बारा पिंपं, आणि फ्लॅटमध्ये मग माणसांनी राहायचं कुठे?

गडांवर हा विचार फार आधी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलंय, नसेल तर खडक फोडून टाकी करायला सांगितलंय. पण मला त्यातली पुढची गोष्ट अधिक शहाणपणाची वाटते. झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवायची, एरवी त्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे तोफा नाहीत, पण ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ ही सूचना असते.

पिंपाच्या कौतुकात डासांना विसरून चालत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीत नाही, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडू लागते. तोंडाला घट्ट कापड हवं आणि दर आठवड्याला पिंप रिकामं करून आतून घासायला हवं, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. हे जमणार नसेल तर पिंप न ठेवलेलं बरं. मृगाची पहिली सर वाहून जाऊ द्यावी. गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्या पाण्यात असते. त्यानंतरचं पाणी मात्र उत्तम. बोअरच्या पाण्यानं कुंड्यांच्या कडांवर जो पांढरा थर चढतो, ते क्षार पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतात.

राहिलं ते वाहून जाणारं पाणी, म्हणजे खरं तर जवळजवळ सगळंच पाणी. पिंपाला महत्त्व फार आणि त्याच्या काठावरून सांडणाऱ्याला काहीच नाही, हे उलट झालंय. अंगण असेल तर त्याची वाट आंब्याच्या किंवा शेवग्याच्या आळ्यात काढावी, वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. मातीत मुरलेल्या पाण्याला ना झाकण लागतं ना घासणी. काठाखाली चार बोटं भोक पाडून नळी बसवायची, एवढंच काम. प्लंबरचं ते अर्ध्या तासाचं आहे. तो पावसाळ्याआधी आला तर.